राक्षस नावाची फाइल

लेकीच्या लॅपटॉपमध्ये जरा जागा करून द्यायची, एवढंच भाऊसाहेबांनी ठरवलं. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. पण सुट्टीचा दिवस, पोटभर नाश्ता झालेला, आणि बायको फरशी पुसतेय. अशा वेळी पुरुष माणूस एकतर पाय वर घेऊन बसतो, नाहीतर कुणावर तरी उपकार करतो. पाय वर घेऊन झाले होते.

लेक कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. काय शिकते ते तिने बापाला तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा बापाने मान डोलावली, झालं. खरं शिक्षण चालायचं तिच्या खोलीत, दार लावून. कानांवर वाटीएवढे हेडफोन, पुढ्यात लॅपटॉप, आणि त्यात ती नाचायचं संगीत बनवायची. पेटी नाही, तबला नाही, गाणारं कुणी नाही, नुसतं ढप ढप ढप ढप. तेही तिच्या एकटीच्या कानात. बाहेरून दिसायची ती फक्त कोंबडीसारखी पुढेमागे होणारी मान. (भाऊसाहेबांनी एकदा मानेच्या डॉक्टरांची वेळसुद्धा घेऊन ठेवली होती.)

मैत्रिणी म्हणाल तर शेकड्यांनी, पण सगळ्या लॅपटॉपात. एकही बया कधी घरी पाणी प्यायला आली नाही. तिकडून गाणं ऐकून आगीची चित्रं पाठवायच्या.

"आग कुठे लागली?" भाऊसाहेब दचकायचे.

"आवडलं म्हणून पाठवतात, बाबा."

"मग आवडलं म्हणावं. बंब कशाला बोलवायला लावतात?"

तर कॉलेजच्या मोठ्या कार्यक्रमात एका विद्यार्थ्याचं गाणं स्टेजवरून वाजणार होतं, आणि निवड हिची झाली होती. वर्षभर पोरगी त्यासाठीच मान हलवत होती. गाणं त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचं. नाही पाठवलं तर मागे टपून बसलेली निळ्या केसांची वर्गमैत्रीण स्टेजवर चढणार.

सकाळी पोरगी वैतागून म्हणाली, "लॅपटॉपमध्ये जागाच नाही, सगळं अडकतंय." आणि गेली केस धुवायला. केस धुवायचे म्हणजे पाऊण तास.

पाऊण तासात भाऊसाहेब काय नाही करणार! सव्वीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये कारकुनी करत आले होते ते. जुने गठ्ठे सोडायचे, शेवटची सहीची प्रत ठेवायची, बाकी रद्दीत. या कामात त्यांचा हात धरणारा माणूस अजून सरकारला मिळालेला नाही. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि कपाळावर हात मारला. 'फायनल', 'फायनल दोन', 'फायनल खरंच', 'फायनल आता बास'. यातलं 'आता बास' ठेवलं, बाकी उडवलं. खाली बघतात तर बारीकसारीक कागद तर किती! 'धाड एक' ते 'धाड तीस', 'टपक', आणि 'राक्षस एक' ते 'राक्षस चौदा'.

"भुतांचे सिनेमे!" म्हणत त्यांनी तेही उडवले. शेजारी पेनड्राइव्ह खोचलेला. त्यातही हेच सगळं. दुबार प्रत! तोही साफ. शेवटी ती कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली, कारण ऑफिसात रद्दी गाडीत चढल्याशिवाय ते चहा पीत नसत.

पोरगी डोक्याला टॉवेल गुंडाळून आली.

"बाबा, लॅपटॉपला हात लावलात?"

"हात काय, झाडून पुसून दिला. बघ आता कसा पळतो."

पळाला की. 'फायनल आता बास' झटक्यात उघडलं, आणि पडद्यावर एकाखाली एक ओळ यायला लागली. 'फाइल सापडत नाही.' 'फाइल सापडत नाही.' पंचेचाळीस वेळा.

भाऊसाहेबांना ते वाक्य ओळखीचं वाटलं. का नाही वाटणार? सव्वीस वर्षं खिडकीतून लोकांना तेच सांगत आले होते. ऐकणाऱ्याला कसं लागतं ते मात्र आज कळलं.

"अहो बाबा, ती नुसती यादी आहे! कुठला आवाज कधी वाजायचा त्याची. आवाज वेगळे होते, ते तुम्ही उडवलेत!"

"नेटवर कुठेतरी असेल ना?" आईने विचारलं.

"तिथलीही जागा संपलीय. वर्षभर लाल खूण येतेय."

एवढी जगाला जोडलेली पोरगी, पण लाल खूण काही तिने बघितली नाही. ती ओल्या केसांनी तशीच फरशीवर बसली. पुसलेल्या फरशीवर पाणी ठिबकत होतं आणि आई काही बोलत नव्हती. तेव्हा कुठे प्रकरण किती गंभीर आहे ते भाऊसाहेबांच्या लक्षात आलं.

"आणले कुठून होते आवाज?" आईनेच विचारलं.

"घरातूनच. धाड म्हणजे तू कपाटाचं दार आपटतेस ना, ते."

"मी आपटते?"

"बाबांशी बोलून झालं की."

आईने नवऱ्याकडे बघितलं, उठली, आणि कपाटाचं दार असं आपटलं की वरची बॅग खाली आली. पोरीने माइक धरलेलाच होता. तीस धाडी झाल्या, एकही नाटकी नाही. मोरीचा नळ गळत होताच, त्याची टपक मिळाली. (नळ दुरुस्त करायचं भाऊसाहेब वर्षभर विसरत होते. एवढं एक काम त्यांनी चोख केलं म्हणायचं.) तीन वाजेपर्यंत एकेक ओळ मिटत गेली. उरला फक्त राक्षस.

"तो कुठे मिळतो?" भाऊसाहेबांनी पायात चपला घातल्यासुद्धा.

मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं.

"बाबा, तो तुम्ही."

"मी?"

"तुमचं घोरणं. दुपारचं. माझं अख्खं गाणं त्यावर उभं आहे."

आता काय करता? भाऊसाहेब सोफ्यावर आडवे झाले. छत्रीच्या दांड्याला माइक बांधून तो नाकावर टांगला. त्यांनी घोरून दाखवलं.

"खोटं आहे," पोरगी म्हणाली.

"अगं माझंच नाक आहे!"

"तुमचं खरं घोरणं खाली खाली जातं, मग दीड सेकंद काहीच नाही. माणूस श्वास धरून बसतो. आणि मग ते फुटतं. त्यालाच तर ड्रॉप म्हणतात."

"त्या दीड सेकंदात मी रोज विचार करते," आई म्हणाली, "डॉक्टरला बोलवू की राहू दे."

पण झोप येईना. सव्वीस वर्षांत न चुकलेली दुपारची झोप, आणि आज डोळे सताड उघडे. चार वाजले. सव्वाचार. पोरगी नखं खात बसलेली. मग आई उठली, नवऱ्याच्या ऑफिसच्या बॅगेतून एक परिपत्रक काढलं आणि त्याच्या हातात दिलं. 'जुन्या अभिलेखांचे नाशन करण्याबाबत सुधारित सूचना.'

"वाचा मोठ्याने."

"उपरोक्त विषयास अनुसरून..." भाऊसाहेबांनी सुरुवात केली. दुसऱ्या सूचनेपर्यंत आवाज जड झाला. तिसरीला कागद छातीवर पडला. आणि राक्षस आला. खाली गेला, थांबला, फुटला. माइकची सुई लाल रेघेला जाऊन टेकली. पोरीच्या डोळ्यांत पाणी.

आईने छातीवरचा कागद उचलून पुढचं वाचलं. चौथी सूचना होती, 'नष्ट करण्यापूर्वी ज्याचा कागद आहे त्यास विचारावे.' इतकी वर्षं गडी तिथवर कधी पोचलाच नव्हता.

पाचला चार मिनिटं कमी असताना गाणं गेलं. कार्यक्रमाला सहाशे पोरं त्या घोरण्यावर नाचली. दीड सेकंद थांबलं की सहाशे हात वर, फुटलं की सहाशे उड्या. भाऊसाहेब मागच्या रांगेत ताठ बसलेले. निळ्या केसांचीसुद्धा नाचत होती. "बाहेर कुणाला सांगायचं नाही, राक्षस कोण ते," त्यांनी मायलेकींना बजावलं, पण घरी जाताना तालात पावलं टाकत होते.

गाणं मग नेटवर चढलं (नवी जागा विकत घेऊन, बापाच्या खर्चाने) आणि पसरलं. पंधरा दिवसांनी ऑफिसात मीटिंग. मोठे साहेब समोर. भाऊसाहेब सावरून बसलेले, वही उघडी, हातात पेन, टक्क जागे. एवढ्यात साहेबांचा फोन वाजला. साहेबांच्या मुलीने बापाच्या फोनला नवीन रिंग लावून दिली होती.

आधी कपाटाची धाड. मग राक्षस खाली गेला, थांबला, फुटला.

खोलीतल्या एकानेही फोनकडे बघितलं नाही. सगळ्या माना भाऊसाहेबांकडे. दाराशी उभा असलेला म्हातारा शिपाई सवयीने लगबगीने आला, त्यांचा खांदा गदागदा हलवला आणि कानात म्हणाला,

"भाऊसाहेब, उठा. साहेब बघतायत."