महाराजांचा लेयर

एका जंगलात, बाळांनो, ती मार्गशीर्ष वद्य षष्ठी होती. सकाळी धुके, दुपारी कोरडे ऊन, वारा बेताचा.

त्या दिवशी राजा असलेल्या म्हाताऱ्या वाघाने आपल्या शिकारीचा चित्रपट पाहिला. तो सुगरण पक्षिणीने संगणकावर विणला होता. प्रत्येकाचे चित्र वेगळ्या काचेवर काढावे आणि काचा एकावर एक ठेवाव्यात, तसे ते काम असते. अशा एका काचेला लेयर म्हणतात.

"मी इतका सावकाश का?" वाघाने विचारले.

"महाराज जसे धावले, तसेच आहे," सुगरण म्हणाली.

"वेग दुप्पट कर," प्रधान तरस म्हणाला.

सुगरणीने केला. वाघ सुसाट धावला आणि अर्ध्यातच नाहीसा झाला. पुढे नुसती हरणी पळत राहिली.

"महाराज कुठे गेले?" तरसाने विचारले.

"वेग वाढवला की लेयर लवकर संपतो."

"महाराज लवकर संपतात, असं म्हणतेस?"

मग सुगरणीने वाघाचा वेग होता तसा केला आणि बाकी सगळ्यांचा अर्धा केला. हरणी, गवत, ओढा, माश्यासुद्धा. आता वाघ वाऱ्यासारखा दिसू लागला. शेवटी तो हरणीला गाठतही होता, आणि चित्रपट तिथेच संपत होता.

वाघ तो चित्रपट रोज पाहू लागला.

पौष शुद्ध द्वितीयेला शेजारच्या जंगलाचा तरणा वाघ पाहुणा आला. त्यानेही चित्रपट पाहिला. "छान आहे," तो म्हणाला. "आता माळावर दाखवा."

तरसाने पिंगा नावाच्या त्या हरणीला बोलावले. "चित्रपटात पळतेस तसंच पळायचं. राज्याच्या अब्रूचा प्रश्न आहे."

पिंगा सुगरणीकडे गेली. "बाई, माझे पाय असे जड कधी झाले?"

"तुझे नाहीत गं. तुझ्या लेयरचे."

"मग महाराज धरणार कोणाला? मला की लेयरला?"

"हुकूम पाळ, बाई. मलाही याच झाडावर राहायचंय."

माळावर पिंगा अर्ध्या वेगाने पळाली. मागे वळून पाहिले नाही. चित्रपटात ती पाहत नव्हती. महाराज मात्र मनापासून, चित्रपटातल्यासारखे धावले. अर्ध्या माळावर एका पळसाखाली ते पडले, ते उठले नाहीत.

पिंगा एकटीच पलीकडे पोहोचली.

"तुमचे महाराज?" पाहुण्याने विचारले.

"वेळेआधी पोहोचले," तरस म्हणाला, आणि पाहुण्यापुढे वाकून उभा राहिला.

पौष शुद्ध तृतीया. आकाश निरभ्र. पाहुणा गादीवर बसला. तरस प्रधान राहिला. चित्रपट तोच राहिला. सुगरणीने वाघाचा लेयर तेवढा बदलला. हरणीचा वेग अर्धाच ठेवला.

तात्पर्य: राजाचा वेग वाढवण्याच्या फंदात पडू नये, प्रजेचा कमी करावा. आणि प्रत्यक्ष धावायची वेळ आलीच, तर महाराजांना कणकण आहे असे कळवावे.