भागुबाईंच्या चौकटीला ट्रॅक्टर

येशुदासआप्पांच्या लाकडाच्या वखारीत भागुबाईंचा कडुनिंबाचा ओंडका सकाळपासून आऱ्यासमोर पडून होता, आणि डीपी जळाल्यामुळे गावात वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी दहा वाजता भागुबाईंच्या नव्या घराची चौकट बसायची होती. भन्ते येणार होते, लेक करुणा सणसवाडीहून एका दिवसाची रजा काढून येणार होती. अंगणात चाळीस वर्षं सावली देऊन गेल्या वर्षी वाऱ्यात पडलेल्या झाडाचीच चौकट हवी, हा बाईंचा एकुलता एक हट्ट. रंधा-पटाशीचं काम आप्पा हातानं उरकणार होते, पण आधी ओंडका चिरायला हवा होता.

"शिरूरला न्यावा का?" बाईंचे यजमान कोंडिबा म्हणाले.

"तिथं दोन दिस नंबर लागत न्हाई," आप्पा म्हणाले.

तेवढ्यात शेजारचा बन्सी आला. बन्सीला मदतीला बोलवावं लागत नाही, आणि तीच गावाची अडचण आहे.

"आरा जुना, पट्ट्याचा हाय ना आप्पा? मंग माझा ट्रॅक्टर लावू की!"

त्यानं ट्रॅक्टर वखारीच्या दाराबाहेर पाठमोरा उभा केला, मागं पुली बसवली आणि लांबलचक पट्टा दारातून आत आऱ्यापर्यंत नेला. आरा गरगर फिरला. आप्पांनी ओंडका पुढं सरकवला, तर पातं कापायचं सोडून नुसतं घासू लागलं. धूर निघाला.

"बन्सी, पातं उलटं फिरतंय रं!"

"एवढंच ना? रिव्हर्स टाकतो."

आप्पांच्या तोंडून "थांब" निघेपर्यंत उशीर झाला होता. पात्याची दिशा काही बदलली नाही, ट्रॅक्टर तेवढा मागं आला. पट्टा ढिला होऊन गळून पडला आणि मोठं चाक वखारीच्या दाराची चौकट घेऊनच थांबलं. चौकट सागवानी होती, आप्पांच्या वडिलांच्या हातची.

"ब्रेक जरा उशिरा लागतो," बन्सी म्हणाला.

यावर आप्पा जे बोलले ते रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्याला शोभणारं नव्हतं. भागुबाई मात्र पट्ट्याकडे बघत होत्या. त्यांच्या माहेरी इंजिनावरची पिठाची गिरणी होती.

"आप्पा, पट्ट्याची मधी फुली करा. आमचे आबा तसंच करायचे."

ट्रॅक्टर पुढं घेऊन पट्टा आठाच्या आकड्यासारखा पिळून फुली घातली. पातं सुलटं फिरलं आणि ओंडका सरळ रेषेत उघडत गेला. दिवेलागणीपर्यंत चौकट तयार झाली. बाईंनी तिच्यावरून हात फिरवला आणि पदरानं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी आप्पा भागुबाईंकडे गेले ते चार माणसांत बन्सीला जाब विचारायचाच, असं ठरवून. वंदना झाली, चौकट उभी राहिली. आप्पा घसा खाकरून उठणार, तोच भागुबाई बोलू लागल्या.

"आमचं दार व्हावं म्हनून ह्या मानसानं सोताचं दार घालवलं. आन् तरीबी चौकट पुरी करूनच उठला. आप्पा, तुमचं उपकार आमी इसरनार न्हाई."

करुणानं आप्पांच्या गळ्यात हार घातला. आप्पांनी आजवर शेकडो चौकटी करून दिल्या होत्या, पण चौकट बसताना त्यांना हार कुणी घातला नव्हता. काय विचारायला आलो होतो, ते त्यांना आठवेना.

"दाराचं काय, परत व्हईल," ते कसंबसं म्हणाले.

सगळ्यांत जोरात टाळ्या बन्सी वाजवत होता. "व्हईल म्हंजी काय, उद्याच करू! मी सकाळी सातला ट्रॅक्टर घेऊन येतो!"

आप्पांनी हारासकट दोन्ही हात जोडले.