बाई अडखळतात?

"पुढची दहा वर्षं या कॉम्प्युटरकडे बघायचीसुद्धा गरज नाही!" तारवाल्यांनी छाती फुगवून जाहीर केलं, आणि बरोबर नऊ दिवसांनी ते टेबलाखाली रांगत होते.

तारवाले म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले मेकॅनिक. त्यांचं खरं आडनाव आता पेन्शनच्या कागदांपुरतंच उरलं होतं. भाचीने त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही नवी प्रणाली बसवून दिली, तेव्हापासून स्वारी खुशीत होती. बायको शाळेत शिकवायची, त्यामुळे ती सगळ्या गल्लीची 'बाई'. बाईंना निवृत्तीनंतर अगदी मनासारखं काम चालून आलं होतं. अंधांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची! नमुना पसंत पडला, की अख्खी कादंबरी त्यांच्या आवाजात.

अडचण एकच होती. कॉम्प्युटरचा पंखा असा घोंघावायचा, की बाईंनी नदीकाठचं वर्णन वाचावं आणि ऐकणाऱ्याला पिठाची गिरणी दिसावी. तारवाल्यांनी लगेच तोडगा काढला. आपला जाडजूड लोकरी कोट त्यांनी बाईंसमोर टाकला, मापं घेतली आणि कॉम्प्युटरच्या डब्याला अंगाबरोबर बसेल असं कव्हर शिवून घेतलं. समोर तीन बटणं, बाजूला खिसा; कव्हर कसलं, कोटच तो! खिशात तारवाल्यांची नोंदवही. पंख्याचा आवाज गुडूप झाला, नमुना रेकॉर्ड झाला आणि ग्रंथालयाकडे गेलासुद्धा!

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाच्या मॅडमचा फोन आला.

"बाई, आवाज फार गोड आहे हो तुमचा. पण... तुम्ही वाचताना अडखळता का?"

बत्तीस वर्षं ज्यांनी वर्गातल्या एकाही मुलाला अडखळू दिलं नाही, त्या बाईंना हा प्रश्न! मॅडमनी आणखी एक संधी दिली होती, आज पाचपर्यंत. बाईंनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन नुसत्याच ओट्यापाशी उभ्या राहिल्या.

तारवाल्यांनी नमुना लावून ऐकला. "ती दा-दा-दारात उ-उ-उभी..." पडद्यावरचा बाणसुद्धा मुंगीच्या पावलांनी चालला होता.

"अगं, यंत्र अडखळतंय! तू नाहीस!"

"कशावरून?" बाई आतूनच म्हणाल्या. "वय माझंही झालंच आहे."

हे मात्र तारवाल्यांना लागलं. बायकोचा आवाज एवढा बारीक झालेला त्यांनी कधी ऐकला नव्हता. आता सिद्ध करूनच उठायचं!

एक्स्चेंजमधली शिस्त त्यांच्या अंगात मुरली होती. काम सुरू करताना झाकण काढायचं, काम संपलं की पहिल्यांदा झाकण लावायचं, आणि प्रत्येक गोष्ट वहीत लिहायची. त्यांनी कोटाची बटणं सोडली, कोट खुंटीला टांगला आणि भाचीला फोन लावून सांगितलं, की यंत्र सुरू केल्यावर थोडा वेळ बरं चालतं आणि मग अडखळतं.

"मामा, सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी रडतंय म्हणजे गरम तर होत नाहीये ना?"

फोनवर बोलताना यंत्र बंद करून झाकून ठेवायचं, हीही शिस्तच. यंत्र बंद, कोट पुन्हा अंगावर! तारवाल्यांनी कोटाच्या पाठीवरून हात फिरवला. "छे! गारढोण आहे!"

"मग आवाजाची सेवा, म्हणजे आवाज सांभाळणारा प्रोग्राम, बंद करून पुन्हा चालू करून बघा."

कोट काढला. सेवा चालू-बंद केली. तोच उतारा स्वतः वाचून रेकॉर्ड केला. आवाज मधासारखा वाहू लागला! "झालं!" तारवाले ओरडले, कोट चढवला, बटणं लावली. पाव तासात पुन्हा "दा-दा-दारात".

मग त्यांनी पडद्यावर यादी काढली, कोणता प्रोग्राम यंत्राची किती ताकद खातोय त्याची. एक प्रोग्राम जरा संशयास्पद वाटला. त्याला हाकललं. आवाज सुधारला! कोट घातला. बिघडला! मग स्पीकरची तार बदलली. सुधारला! कोट घातला. बिघडला! आता तारवाल्यांना राग यायच्या ऐवजी गंमतच वाटू लागली. तीन वेगवेगळे रोग, तीन उपाय, आणि तिन्ही उपायांचा गुण पाव तासच टिकतो! असं यंत्र त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

साडेचार वाजले. बाई येऊन खुर्चीत बसल्या. "राहू द्या आता. मला एकदाच बघू दे, माझीच जीभ अडकते का ते." वाचायला हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी नोंदवही उचलली आणि खणखणीत आवाजात वाचायला लागल्या.

"कोट काढला. सेवा चालू-बंद केली. सुधारलं. कोट घातला. बिघडलं. कोट काढला. प्रोग्राम हाकलला. सुधारलं. कोट घातला. बिघडलं. कोट काढला..."

बाई थांबल्या. अडखळल्या नाहीत, थांबल्या. चष्म्यावरून नवऱ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "अहो, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

तारवाल्यांनी पहिलं पान उघडलं. तिथे त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'आज कोट चढवला. आता दहा वर्षं चिंता नाही.'

पुन्हा फोन लावल्यावर भाची पोट धरून हसली. "मामा, तापलं की जळू नये म्हणून ते आपलं आपण मंद होतं! तुम्ही त्याला लोकरीत गुंडाळलंत?"

पाचला वीस कमी. कोट काढला तर गिरणी, घातला तर तोतरेपणा! तारवाल्यांनी क्षणभर विचार केला आणि कोटाची शिवण उसवून तो सपाट केला. मग डबा आणि बाई यांच्यामध्ये, डब्यापासून हातभर अंतरावर, दोन्ही हात पसरून, तो पडद्यासारखा धरून उभे राहिले.

"वाच!"

बाई वाचू लागल्या. काय वाचलं त्यांनी! दारातली ती बाई जणू खोलीतच येऊन उभी राहिली. तारवाल्यांच्या खांद्यांतून कळा आल्या, पण कोट खाली आला नाही. पाचला चार मिनिटं असताना नमुना गेला.

सव्वापाचला फोन वाजला. बाईंनी तो तारवाल्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"बाई, पसंत! कादंबरी तुमचीच! एक शब्द अडखळला नाही. फक्त एक विचारू का? मागे कुणीतरी सारखं धापा टाकतंय..."

खुर्चीत कोसळून खांदे चोळणाऱ्या नवऱ्याकडे बाईंनी बघितलं आणि दिवसभरात पहिल्यांदाच त्या मनापासून हसल्या.

"तो आमच्याकडचा जुना पंखा आहे हो. आवाज करतो, पण काढून टाकायचा नाही."