बडग्याच्या मांडीवरचा जपानी राक्षस

बळीराम मेश्रामला कोणी विचारो न विचारो, तो सांगायचाच, "अख्ख्या विदर्भात जपानी शिनेमातले राक्षस फक्त माह्या कपाटात हायेत." खोटं नव्हतं. त्याचा मावसभाऊ केशव जहाजावर खलाशी. लोक त्याच्याकडून घड्याळं न् ट्रान्झिस्टर मागवत. कळमेश्वरच्या कारखान्यात फिटर असलेल्या बळीरामने राक्षस मागवले. चावी दिली की तोंडातून ठिणग्या उडवणारे पत्र्याचे नवे, आणि एक जुना रबरी. तोंड बेडकाचं, शिंगं रेड्याची, शेपटी मगरीची. जपानात त्याचा साचाच मोडला, आता दुसरा होणे नाही, असं केशव सांगून गेला होता. तेव्हापासून बळीराम त्याला तान्ह्या पोरासारखा जपायचा.

वडिलांना, म्हणजे दादाजींना, हे पटत नसे. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी घरातले सगळे देव स्वतःच्या हाताने टोपलीत भरून नदीत सोडले होते. "तेहतीस कोटी बाहेर काढले मी," ते म्हणत, "अन् हा आता राक्षस भरून राहिला." पण खेळणं आहे म्हणून चालवून घेत.

त्या पावसाळ्यात रबरावर बुरशी चढली. बळीरामने राक्षस साबणाने घासून ओट्यावर वाळत ठेवला आणि चहा प्यायला आत गेला. दिवस कोणता? पोळ्याचा दुसरा. त्या सकाळी त्याच्या सक्करदऱ्यातली घरं ईडापीडा जावी म्हणून फाटक्या चटया, झिजलेले झाडू, पळसाच्या फांद्या ओट्यावर काढून ठेवतात. बडग्यावाले येतात, दिसेल ते उचलतात, बडग्याच्या, म्हणजे पीडा घालवायच्या पुतळ्याच्या, अंगावर बांधतात आणि मैदानात नेऊन त्याच्यासकट जाळतात. नागपुरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण बळीरामची ऐट अशी, की सण मानत नाही म्हणजे तिथीही बघायची नाही.

बाहेर आला तर ओटा साफ.

"तुळसाबाई," त्याने शेजारणीला विचारलं, "इथं माहा राक्षस होता."

"नेला नं गा बडग्यावाल्यायनं. बरं केलं बापा. एवढ्या वर्सात पह्यल्यांदा तुमच्या घरून काही निघालं."

बळीराम अनवाणी पळाला. मैदानात पोचला. बांबू-कागदाचा ढेरपोट्या बडग्या उभा, गळ्यात 'साठेबाज' अशी पाटी, आणि मांडीवर सुतळीने करकचून बांधलेला त्याचा राक्षस. खाली रॉकेलचा डबा उघडा.

"गोविंदा, तो माहा हाय. चुकीनं आला."

गोविंदा त्या टोळीचा म्होरक्या, तालमीतला पैलवान. त्याने वळूनही पाहिलं नाही. "चुकीनं आला तरी आला. बडग्याले देल्लेलं वापस जात नाही."

"अरे, खेळणं हाय ते."

"तू काय दुधपिता हायेस काय खेळणं खेळाले? अख्ख्या वस्तीचा खोकला त्याच्या अंगावर बसला आता. घरी नेशीन तं पुरी ओळ आजारी पाडशीन."

"हात तं लावून पाह्य," मागून कोणी तरी म्हणालं. आवाज बाईचा की बाप्याचा, बळीरामला कळलं नाही. पण गर्दी एक पाऊल पुढे आली हे कळलं. एका खोकल्यापायी माणसाला तुडवायला तयार असलेली ही माणसं. यांना कारण सांगून उपयोग नव्हता. डबा कलंडला. रॉकेल बडग्याच्या पायावर उतरलं. गोविंदाने काडी काढली.

"थांब," बळीराम ओरडला. "देव हाय तो. जपानचा देव."

डफडी थांबली.

"देव हाय तं ओट्यावर काहून ठेवला होता?"

"आंघोळ घातली होती."

एवढं मात्र खरं होतं.

गोविंदाने त्याच्याकडे बघितलं, राक्षसाकडे बघितलं. "पड मंग पाया."

जन्मात दगडापुढे मान न वाकवलेला बळीराम बेडकाच्या तोंडाच्या रबरापुढे वाकला. कपाळ टेकवलं. वर बघतो तर शंभर माणसं हात जोडून उभी. मघाशी जाळायला निघालेली हीच. सुतळी सुटली, नारळ फुटला, गुलाल उडाला, आणि डफड्यांच्या गजरात देव घरी निघाला.

दादाजी दारात उभे होते.

"दादाजी, माफी असावी," गोविंदा म्हणाला. "तुमचा देव हाय हे आमाले ठाव नव्हतं."

"माहा देव?" दादाजींनी पोराकडे पाहिलं. कपाळावरचा गुलाल पाहिला. "बळीराम, खरं सांग. खेळणं हाय का देव?"

समोर बाप. पाठीशी गोविंदा, आणि गोविंदाच्या हातात अजून तो डबा.

"देव," बळीराम पुटपुटला.

"मंग त्याले या घरात जागा नाही." दार लागलं. परत बोटभर उघडलं. "तुले हाय. तोंड धुऊन ये."

"देवाले रस्त्यावर काहून उभं ठेवता गा," म्हणत तुळसाबाईने राक्षस पदरात घेतला.

तेव्हापासून तो तिच्या देवघरात आहे. शिंगांना शेंदूर, पोटाला तेल. तेलाने रबर ढिलं होतं हे बळीराम सांगू शकत नाही. देव रबराचा नसतो. कामावरून आला की तो रोज तिच्याकडे जातो, शिंगाचा रंग टिकला की नाही बघायला. हात पुढे करतो तोच तुळसाबाई विचारते, "बाहेरून आला नं गा? आंघोळ केली काय?"

मग तो निमूट घरी जातो आणि आंघोळ करून परत येतो.