सहा तारांचा ड्रॉवर

तुणतुणे नोकरीत कायम झाला. सही-शिक्क्याचं पत्र आलं आणि त्याच्या सासूबाईंनी ते चष्मा पुसून दोनदा वाचलं. पण हे तुम्ही ऐकलंच नाही असं धरून चालू. कारण त्या सोमवारी सकाळी सात वाजता तुणतुणे स्वयंपाकघरात मांडीवर गिटार आणि हातात करवत घेऊन बसला होता, आणि नोकरी गेलीच असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

आडनाव त्याचं दुसरंच होतं. दाखल्यांच्या ऑफिसात सगळे त्याला तुणतुणे म्हणत, कारण सुट्टीच्या दिवशी तो विजेवरच्या गिटारी बनवायचा, आणि त्याही सरळ माणसासारख्या नाही. दुकानात मिळते तशीच करायची तर दुकान काय वाईट आहे, असं त्याचं म्हणणं. आजवर त्याने बिस्किटांच्या डब्याची गिटार केली होती, कुबडीची केली होती (कुबडीवाला बरा झाल्यावर) आणि कुकरच्या झाकणाची केली होती. त्यानंतर बायकोने घरातल्या वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवल्या. 'इस्त्रीचं टेबल. ही गिटार नाही.' 'आईची काठी. विचारसुद्धा करू नये.'

मांडीवरची गिटार मात्र ऑफिसातल्या ड्रॉवरची होती. त्याच्याच टेबलातून निघालेला हा ड्रॉवर दोन वर्षं खिडकीला टेकू म्हणून उभा होता. जुनं, खडखडीत वाळलेलं सागवान. तुणतुणे जाता-येता त्यावर बोटं वाजवायचा आणि हरखायचा. शेवटी हेडक्लार्कबाई वैतागल्या. "अहो, सारखं काय टकटक टकटक? घेऊन जा तो एकदाचा!"

त्याने नेला. वर पातळ फळीचं झाकण बसवलं. सासूबाईंच्या शिलाई मशीनवर केसासारखी तांब्याची तार चुंबकांभोवती आठ हजार वेढे गुंडाळली आणि तारांचा आवाज टिपणारं पिकअप तयार केलं. पुढची पितळी मूठ आणि पांढऱ्या रंगातलं 'ड्रॉ. ४' तसंच ठेवलं, कारण शोभत होतं. मुठीखाली वायर खुपसायचं भोक पाडलं. इतर लोक गिटारची मान स्क्रूने बसवतात. या पठ्ठ्याने एकच लांब दांडा ड्रॉवरच्या आरपार घालून कायमचा चिकटवला. तारा अशा लावल्या की सगळ्या मोकळ्या सोडल्या तरी गोड वाजाव्यात. एकदा छेडली की घड्याळाने मोजून अकरा सेकंद घुमायची. अशी गिटार आपल्या हातून पुन्हा होणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि शुक्रवारी संध्याकाळी पत्र आलं. सोमवारी तपासनीस साहेब येणार. हे साहेब प्रत्येक टेबलाचा प्रत्येक ड्रॉवर स्वतःच्या हाताने ओढून बघतात, अशी त्यांची ख्याती. आधीच्या ऑफिसात एक स्टूल सापडलं नाही, तर तिथला कारकून स्टुलासकट दिसेनासा झाला. इथलं फर्निचर तुणतुणेच्या ताब्यात, आणि त्याला कायम करायचं की नाही हे याच महिन्यात ठरायचं होतं.

"बाई, तुम्हीच म्हणालात ना, घेऊन जा म्हणून?"

"म्हणाले. तोंडी म्हणाले. माझं तोंड काय आवक-जावक रजिस्टरात नोंदवलंय का?"

म्हणून ही करवत.

"काप ना रे ती मान," बायको म्हणाली. "मागे उरेल तो ड्रॉवर."

त्याने डोळे मिटून करवत टेकवली. पातं तारांना लागलं. ढंऽऽग. तो, बायको आणि चहा गाळणाऱ्या सासूबाई, तिघांनीही अकरा सेकंद ऐकलं. बाराव्या सेकंदाला बायकोने करवत काढून घेतली.

"ठेव. अख्खीच घाल टेबलात."

"आणि नोकरी?" सासूबाईंनी विचारलं.

"तीपण अख्खी राहील, आई. बघू."

साडेआठला तुणतुणे ऑफिसात पोचला. टेबलाची मागची फळी उखडली आणि गिटार समोरून आत सरकवली. मान मागून हातभर बाहेर आली. टेबल भिंतीपासून दूर ओढावं लागलं, आणि मागे सहा खुंट्या ऐटीत उभ्या राहिल्या. समोरून मात्र ड्रॉवर म्हणजे ड्रॉवरच.

"मामा, साहेबांना लोंबकळत्या वायरी चालत नाहीत म्हणे. जरा बघाल?" एवढं शिपाईमामांना सांगून तो हात धुवायला गेला.

शिपाईमामा शब्दाचे पक्के. ऑफिसात नंबर पुकारायचं एक यंत्र होतं. त्याचा माइक आठ महिन्यांपूर्वी तुटला होता, पण कर्णा शाबूत होता आणि मोकळी वायर तुणतुणेच्या टेबलाशी लोंबत होती. मामांनी इकडे तिकडे पाहिलं. मुठीखाली बरोब्बर मापाचं भोक! त्यांनी वायर खुपसली आणि यंत्राचं बटण चालू करून ठेवलं. साहेबांना सगळं चालू दिसलेलं बरं.

सव्वादहाला साहेब आले. रांग दारापर्यंत गेली होती.

"काम चालू द्या. मी उभा राहून बघतो."

तुणतुणेने पहिला अर्ज घेतला आणि झोपलेल्या बाळाला खाली ठेवावं तसा शिक्का कागदावर ठेवला.

"असा मारतात शिक्का?" साहेब म्हणाले. "उठलाच नाही. नीट मारा. जोरात!"

इलाज नव्हता. त्याने मारला.

ढंऽऽऽग!

कर्ण्यातून निघालेला तो आवाज भिंती, पंखे, रांग, सगळ्यांतून गेला. अकरा सेकंद कोणी पापणी हलवली नाही. मग पहिला माणूस आपला कागद घेऊन बाजूला झाला आणि दुसरा मुकाट्याने पुढे आला.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"नंबर पुकारायचं यंत्र, साहेब," मामा म्हणाले. "आपोआप दुरुस्त झालं."

ढंऽऽग. तिसरा पुढे. ढंऽऽग. चौथा. आजवर ही रांग हलवायला मामांना घसा फोडावा लागे; आज ती स्वतःच्या पायांनी चालत होती. साहेबांनी जागा शोधून आपली जाडजूड बॅग टेबलामागच्या खुंटीला अडकवली. "सोय चांगली केलीय," ते म्हणाले. बॅगेच्या वजनाने खुंटी फिरली, एक तार सैल पडली, आणि पुढचा शिक्का कोणीतरी गेल्यासारखा रडका वाजला.

समोर एक आजी उभ्या होत्या. "नामंजूर झाला का रे, बाळा?"

तुणतुणेने कागद पुन्हा पाहिला. "सही राहिलीय, आजी."

"तरीच. आवाज उतरला होता."

साहेबांचे डोळे चमकले. "म्हणजे मंजुरीला एक आवाज आणि अर्ज अपुरा असला की दुसरा? ही कल्पना कोणाची?"

तुणतुणेने तोंड उघडलं.

"माझीच, साहेब," हेडक्लार्कबाई म्हणाल्या.

मग साहेब वाकले. यादी काढली, मूठ धरली आणि ओढली. तुणतुणेने मनातल्या मनात घरी फोन केला. ड्रॉवर चार बोटं बाहेर आला आणि अडला, कारण मागे साहेबांचीच बॅग टेबलाला अडकली होती. साहेबांनी पुन्हा हिसका दिला. अडलाच.

"घट्ट आहे."

"सागवान आहे, साहेब," तुणतुणे म्हणाला.

"आणि वर झाकण? धूळ जाऊ नये म्हणून? उत्तम!" त्यांनी यादीवर खूण केली. 'ड्रॉ. ४: आहे.' तुणतुणेने शुक्रवारपासून आत धरलेला श्वास सोडला, आणि समोरचे तीन अर्ज उडाले.

आठवड्याभरात ते सही-शिक्क्याचं पत्र आलं. घरात असं काही हुश्श झालं की सासूबाईंनी काठीवरची चिठ्ठी कौतुकाने स्वतः काढली, आणि लगेच परत लावली. पत्रात शेवटी एक ओळ होती. 'ड्रॉवर क्र. ४ हा कामकाजाचा अविभाज्य भाग असून तो कोणत्याही कारणास्तव जागेवरून हलवू नये.'

तुणतुणे आता रोज अर्धा तास आधी जातो आणि खुंट्या पिळतो. उपस्थितीबद्दल बाईंनी त्याचं दोनदा कौतुक केलं आहे. रविवारी मात्र त्याला करमत नाही. शेवटी नवरा-बायकोने बसून एक अर्ज लिहिला. तो तीन महिने बाईंच्या टेबलावर आहे.

'विषय: ड्रॉवर क्र. ४ यास साप्ताहिक सुट्टी मिळणेबाबत. महोदय, सदर ड्रॉवर रुजू झाल्यापासून त्याने एकही रजा घेतलेली नाही. तरी त्यास दर शनिवारी अर्जदाराच्या घरी जाण्याची परवानगी मिळावी. सोमवारी सकाळी तो सुरात हजर केला जाईल. मधल्या काळात पर्यायी व्यवस्था म्हणून अर्जदाराची पत्नी आपले इस्त्रीचे टेबल देण्यास तयार असून, ते गिटार नसल्याबाबतची चिठ्ठी त्यावरून काढून घेण्यात आली आहे. कृपया मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.'