टेकडीपलीकडचं तळं

"या रविवारी तुझा मासा भिंतीवरून उतरवला नाही, तर नावाचा व्हर्लन टिडवेल नाही!" व्हर्लननं बायकोला ठणकावलं.

टीव्हीच्या डोक्यावर आर्डिथनं पकडलेला आठ पौंडी बास जातीचा मासा, पेंढा भरून, आ वासून टांगलेला होता. मधुचंद्राला गेली असताना, पहिल्याच गळाला! तेव्हापासून व्हर्लन त्याच्या नजरेखाली मुकाट जेवत होता. त्याहून मोठा आणलास तरच हा उतरेल, असा घरचा करार होता.

पण आणायचा कुठून? अलाबामातल्या त्यांच्या गावच्या नावाजलेल्या तलावावर बोटींची ही दाटी! पाणी बघायचं तर वाकून शोधावं लागे. आणि मासे? पुन्हा पुन्हा पकडून सोडलेले, बिलंदर! गळाला लावलेला रबरी किडा कुठल्या दुकानातला, हेही सांगतील.

व्हर्लननं मात्र टेकडीपलीकडे एक तळं हेरलं होतं. झोपलेल्या बाळाच्या पापणीसारखं शांत. पण गावची मंडळी महाइरसाल. कुणाची गाडी कुठे उभी आहे, त्यावरून मासा कुठे लागतोय ते ताडणारी! म्हणून त्यानं सगळ्यांदेखत बोट मोठ्या तलावात लोटली, लांबच्या झाडीत नेऊन बांधली आणि गळाची काठी खांद्यावर टाकून गुपचूप टेकडी ओलांडली.

घाईत बांधलेली गाठ ती! सुटली. रिकामी बोट डुलत डुलत भर तलावात आली. बाकावर नुसती व्हर्लनची टोपी!

"अरे, दाजी बुडाले!" मेहुणा हॉइट ओरडला.

बातमी या बोटीवरून त्या बोटीवर गेली. काठाला पोचेपर्यंत व्हर्लनला मगरीनं खाल्लं होतं! "भला माणूस होता," पाद्रीबुवा गहिवरले. "मासे पकडता येत नव्हते, पण भला होता." आर्डिथ अनवाणी धावत आली. हॉइटच्या कुत्र्यानं टोपी हुंगली आणि थेट टेकडीची वाट धरली. मागोमाग अख्खा तलाव!

इकडे व्हर्लनची काठी धनुष्यासारखी वाकली होती. मासा उसळला. नऊ पौंड! छे, दहा!

"मेल्या, जिवंत आहेस!" आर्डिथनं येऊन गळ्यातच मिठी घातली.

"अगं सोड! हात सोड! मासा..."

"मासा? अर्ध्या तासापूर्वी मी विधवा झाले होते, आणि तुला मासा सुचतोय?"

तट्! दोरी तुटली. तव्याएवढ्या शेपटीनं पाण्यावर एक सणसणीत चापट मारली आणि दहा पौंड तळाशी गेले.

सगळ्यांचे डोळे पाण्यावर. आणि आत्ता कुठे व्हर्लनच्या लक्षात आलं, की त्याचं प्रेत शोधायला निघालेल्या एकाही माणसानं हातची गळाची काठी खाली ठेवलेली नव्हती!

हॉइटनं मायेनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"दाजी, वाचलात! देवाची कृपा!" तो म्हणाला. "आता जरा बाजूला सरका. तुमच्या सावलीनं मासे बुजतायत."