ताइस्तोची स्वीडनबंदी

स्वीडनच्या जमिनीवर पाय ठेवणार नाही, ही प्रतिज्ञा ताइस्तो लेह्तिमाकी वीस वर्षं पाळत आला होता. आणि त्याच्या मुलीने, साइलाने, नेमका स्टॉकहोमचा मुलगा पसंत केला.

प्रतिज्ञेला कारण होतं. हेलसिंकीत, आपल्याच मैदानात, आइस हॉकीच्या जागतिक स्पर्धेत फिनलंड स्वीडनच्या पाच-एक असं पुढे होतं. ताइस्तोने शेजाऱ्यांना बोलावून केकसुद्धा कापला. फिनलंड पाच-सहा हरलं. शेजारी केक न खाता घरी गेले आणि ताइस्तोने त्याच रात्री स्वीडन हा देश बंद केला.

मुलगा तुर्कूला, त्यांच्या गावी, भेटायला आला. नाव रुबेन. उंच, नम्र आणि ताइस्तोच्या मते वाजवीपेक्षा जास्त बोलणारा.

"याला आपण बोटीवर नेऊ," ताइस्तो म्हणाला. "आपले लोक समुद्रावर कसे राहतात ते बघू दे."

सहल ठरलेली असे. सकाळी तुर्कूहून निघायचं, दुपारी ओलांडच्या धक्क्यावर उतरायचं, ती बोट पुढे स्टॉकहोमला जाऊ द्यायची, तिथेच स्टॉकहोमहून येऊन उभ्या असलेल्या बोटीत चढायचं आणि संध्याकाळी घरी. ओलांड हे फिनलंडचंच बेट. त्यामुळे समुद्र, सौनातलं वाफेचं स्नान, हेरिंग मासे सगळं मिळे आणि प्रतिज्ञेला धक्का लागत नसे. ताइस्तोने ही सहल इतक्या वेळा केली होती की कप्तान आजारी पडलाच तर आपण आहोत, असं त्याला मनापासून वाटे.

त्या दिवशीही ओलांड जवळ येताच त्याने सगळ्यांना कोट घालायला लावले आणि पाचव्या मजल्यावर आणलं. तिथे एका बंद दारासमोर हिरव्या टोपीचा एक माणूस बॅग घेऊन उभा होता. ताइस्तो एक हात अंतर सोडून त्याच्यामागे उभा राहिला. बायको हिल्क्का, साइला आणि रुबेन त्याच्यामागे. पाहता पाहता जिन्यापर्यंत रांग गेली. कोणी कोणाशी बोललं नाही.

"बघ," ताइस्तो रुबेनला हळूच म्हणाला, "याला शिस्त म्हणतात. तुमच्याकडे एव्हाना मीटिंग भरली असती."

"ही रांग उतरायचीच आहे ना?" रुबेनने विचारलं.

"मग कशाची असणार?"

"दार बोटीच्या पलीकडच्या टोकाला पण आहे. आत्ता लाउडस्पीकरवर..."

"रुबेन, मी या बोटीवर तू दात घासायला शिकलास तेव्हापासून येतोय."

पहिल्याच भेटीत सासऱ्याशी वाद नको, असं साइलाने रुबेनला बजावलं होतं. पण थोड्या वेळाने तीच म्हणाली, "बाबा, समोरच्यांना विचारा ना."

"काय विचारू? की मी ज्या रांगेत उभा आहे ती कशाची आहे? तो मला काय समजेल?"

"मूर्ख समजेल," हिल्क्का म्हणाली. "पण उत्तर देईल."

ताइस्तोने विचारलं नाही. मागच्या कोणीही विचारलं नाही. सगळे फिनिश होते.

मग ते दार उघडलं. आतून एक बाई रुमालाला हात पुसत बाहेर आली. ते स्वच्छतागृह होतं. तिने नवऱ्याची हिरवी टोपी पाहिली, त्याच्यामागची जिन्यापर्यंतची रांग पाहिली आणि विचारलं, "हे सगळे कोण?"

"माहीत नाही," नवरा म्हणाला. "मी विचारलं नाही."

त्याच क्षणी पायाखाली बोट थरथरली. खिडकीतून ओलांड शांतपणे मागे सरकू लागलं, आणि धक्क्यावर उभी असलेली, त्यांना घरी नेणारी बोटही.

रांग कसलाही आवाज न करता पांगली. ताइस्तो मात्र तिथेच उभा राहिला, कारण हलला असता तर चूक कबूल केल्यासारखं झालं असतं.

चौकशीच्या खिडकीशी हिल्क्का गेली. तिथल्या मुलीने याच बोटीची परतीची तिकिटं दिली. मात्र स्टॉकहोमला सगळ्यांनी एकदा उतरायचं आणि फाटकातून पुन्हा आत यायचं, असं तिने सांगितलं.

"स्वीडन नेमकं कुठे सुरू होतं?" मागून ताइस्तोने विचारलं.

मुलगी जरा गोंधळली. "बोटीतून काचेच्या पुलावर जाल. पुलाच्या टोकाला दार आहे. तिथून धरा."

"म्हणजे पुलावर उभं राहिलेलं चालेल."

"बाबा," साइला रडकुंडीला आली, "रुबेनने घरी फोन केलाय. त्याचे वडील न्यायला येतायत. व्याही पहिल्यांदा भेटणार आणि तुम्ही पुलावर?"

"मी शब्द दिलाय."

"कोणाला?"

"मला."

स्टॉकहोमला सगळे उतरले. ताइस्तो दारापर्यंत आला आणि बुटांची टोकं उंबऱ्याच्या अलीकडे ठेवून थांबला. पलीकडे रुबेनचे वडील स्टेलान हात पुढे करून उभे होते.

"या ना, या!"

"इथेच बरं आहे," ताइस्तो शाळेत शिकलेल्या स्वीडिशमध्ये म्हणाला.

"त्याची शपथ आहे, स्वीडनमध्ये पाय ठेवायचा नाही," हिल्क्काने सांगून टाकलं. "हॉकीमुळे. हेलसिंकीची ती पाच-एकची मॅच."

स्टेलाननी कपाळाला आठ्या घातल्या. "कुठली? मला नाही आठवत."

ताइस्तोचा चेहरा उतरला. वीस वर्षं ज्या जखमेवर तो फुंकर घालत होता, ती करणाऱ्यांच्या लक्षातही नव्हती! तो पाठ फिरवून बोटीकडे निघणार, एवढ्यात स्टेलानचा आवाज बदलला.

"मला तिच्या आधीची आठवते. फायनल. इथे, स्टॉकहोममध्ये, आमच्या घरात येऊन तुम्ही सुवर्णपदक नेलंत. आमच्या संघासाठी रचलेलं गाणंसुद्धा तुम्हीच गात नेलंत. त्यानंतर मी फिनलंडला आलेलो नाही."

ताइस्तो वळला. "अजिबात नाही?"

"विमान वरून जातं तेव्हासुद्धा मी पडदा ओढून घेतो."

"म्हणजे अजून त्रास होतो?"

"स्पर्धेचा मे महिना आला की झोप लागत नाही."

ताइस्तोची छाती हळूहळू फुलली. त्याने कोटाची बटणं सोडली, कारण ती आता तटतटत होती. रुबेनकडे त्याने प्रथमच प्रेमाने पाहिलं. मुलगा चांगल्या घरातला होता.

"मैदानात होतात की टीव्हीवर?"

"मैदानात. गोलच्या अगदी मागे."

"अरेरे," ताइस्तो म्हणाला, उंबरा ओलांडून स्वीडनमध्ये आला आणि त्याने व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पहिल्या गोलपासून सांगा. काही गाळू नका."

"ताइस्तो, बोट सुटेल," हिल्क्का म्हणाली.

"सुटू दे. माणूस मन मोकळं करतोय, मध्ये घाई करू नये."